हळदीतली गार जागा

१

शिजवलेली हळद अंगणात पसरली की पुढचे पंधरा दिवस बाईला दुसरं काही सुचत नाही. ऊन चढलं की एकदा परतायची, बारा वाजता एकदा परतायची, दिवस कलला की ढीग करून ताडपत्री टाकायची. मधल्या वेळात कोंबड्या हाकायच्या, शेळी हाकायची, आणि लेकरानं हळकुंड तोंडात घातलं की बोट घालून काढायचं. निलमचं हे चौथं वर्ष. लग्न होऊन ती औंढ्याच्या पलीकडच्या या तांड्यावर आली, तेव्हा तिला हळद फक्त डब्यातली ठाऊक होती. आता ती नुसत्या वासावरून सांगायची, अजून किती दिवसांचं ऊन लागेल ते.

नवरा संतोष हळद शिजवायच्या यंत्राबरोबर ट्रॅक्टरवर फिरायचा. या दिवसांत तो घरी नसायचाच. आज बाळापूरकडं, उद्या आणखी कुठं. घरात निलम, सासू भिकाबाई आणि दोन वर्षांची छबी. भिकाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला माणूस दिसायचा तो हालचालीवरून, पण जिभेला काही मोतीबिंदू झालेला नव्हता.

त्या दुपारी निलम अनवाणीच हळदीत शिरली. पायानं सरी ओढत ओढत परतायची तिची पद्धत. तळवे भाजत होते, पण ते रोजचंच. चार सऱ्या झाल्या, पाचवीला डावा पाय टाकला आणि ती थबकली.

पायाखाली गार लागलं. माठाखालच्या वाळूत पाय ठेवावा तसं.

तिनं पाय उचलून पाहिलं. पिवळ्याधमक हळकुंडांवर एक काळा ठिपका होता, छबीच्या हातातल्या बांगडीएवढा. सावली होती ती. निलमनं वर पाहिलं. तार नाही, फांदी नाही, घार नाही. आभाळ घासलेल्या ताटासारखं रिकामं होतं.

घार लई उंचावर असेल, जाईल, म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली. सावली गेली नाही. छबीनं दारातून आईला हाक मारली, "याडी, पानी." निलम आत गेली.

२

तांड्यावर तेव्हा वेगळीच गडबड चालली होती. आभाळातून धोंडा येणार होता.

टीव्हीवाले त्याला लघुग्रह म्हणायचे आणि तो पृथ्वीपासून लांबून जाणार, घाबरू नका, असं सांगायचे. पण ते सांगताना मागं जे चित्र लावायचे त्यात धोंडा थेट जमिनीवर आपटून आगीचा लोळ उठायचा. मोबाईलवर तर तारीखच आली होती. येत्या अमावास्येला, भर दुपारी. शंकरसिंगानं दोन बोकडं कापून खाल्ली, मरायचंच तर उपाशी कशाला. एकानं मुलीचं लग्न दोन महिने अलीकडं ओढलं. औंढ्याच्या देवळात दर्शनाची रांग बाहेर रस्त्यावर आली. जे हसत होते तेही संध्याकाळी दारात बसून मान वर करून हसत होते.

निलम मान वर करायची नाही. तिला आधीच्या वर्षाचं आठवायचं.

या भागात जमिनीतून गुडगुड आवाज येतो. ते नवं नाही. मधूनच जमीन पोटात भूक लागल्यासारखी गुरगुरते, मांडणीवरची भांडी वाजतात आणि थांबतात. म्हातारी माणसं हातातली विडीसुद्धा खाली ठेवत नाहीत. पण गेल्या वर्षीचा आवाज मोठा होता. निलम चुलीपुढं होती, छबी पाळण्यात. भांडी वाजली. त्यापुढचं निलमला काही आठवत नाही. भानावर आली तेव्हा ती तांड्याबाहेरच्या बाभळीखाली उभी होती, धापा टाकत. हातात तव्यावरची भाकर होती. तळहात पोळून वर आला होता.

लेकरू घरात होतं.

छबीला काही झालं नव्हतं. शेजारच्या रुपाभाबीनं तिला पाळण्यातून उचलून बाहेर आणलं होतं. पण तेव्हापासून भिकाबाईला एक वाक्य मिळालं, आणि ती ते मिठासारखं रोज वापरायची.

"भाकर वाचवली गं आमच्या सुनंनं. लेकरू काय, आणिक व्हईल."

नळावर रुपा हे ऐकून सगळ्या बायांच्या देखत हसली होती. "निलम, औंदा धोंडा आला तर काय घेऊन पळतीस? तवा घे बाई, भाकर तरी भाजता येईल." बाया कळशी खाली ठेवून हसल्या होत्या. निलमही हसली होती. हसल्याशिवाय नळावर नंबर लागत नाही.

भाकरीच्या त्या दिवसापासून तिनं मनाशी धरलं होतं की पुन्हा काही झालं तर आधी लेकरू. स्वयंपाक करताना ती मधूनच हात धुवून उठायची, पाळण्यापर्यंत चालत जायची आणि छबीला उचलून बघायची. पायांना सवय लागावी म्हणून.

३

दुसऱ्या दिवशी ठिपका वाटीएवढा झाला. तिसऱ्या दिवशी जेवायच्या ताटाएवढा.

निलमनं डोक्याला बराच ताण दिला. सावली म्हटल्यावर ती सरकायला पाहिजे. बाभळीची सावली सकाळी एका बाजूला असते, दुपारनंतर दुसऱ्या. म्हणून तिनं सकाळी आठला सावलीच्या कडेला एक खुंटी ठोकली. बाराला पाहिलं, चारला पाहिलं. बाभळीची सावली अंगणभर फिरून आली. खुंटीच्या कडेची सावली जागची हलली नव्हती.

तिनं संतोषला फोन लावला. मागं यंत्राचा आवाज, वाफेचा आवाज.

"आपल्या हळदीवर सावली पडून राहिली," ती म्हणाली.

"ढगाची असंल."

"ढग न्हाईत."

"मंग तुझी असंल," संतोष म्हणाला आणि हसला. "निलम, तू मोबाईल बघणं बंद कर बरं. तू धोंड्यानं न्हाई, धसक्यानंच मरशील."

ती जागा सोडून बाकी हळद वाळत होती. हळकुंड मोडलं की कट्‌कन आवाज यायचा. त्या जागेवरचं मात्र ओलं, वाकायचं, मोडायचं नाही. त्यावर बारीक पांढरी बुरशी धरली. भिकाबाईनं हात फिरवला आणि तिच्या बोटांना ते लगेच कळलं.

"हितली परतली न्हाईस."

"परतली."

"मला दिसत न्हाई म्हणून सांगतीस व्हय? माझे हात आंधळे न्हाईत."

निलमला सावलीचं इतकं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते छबीचं. त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं, पत्र्याच्या घरात दुपारी लेकराच्या अंगावर पुरळ उठायचं, आणि ते रडून रडून बेजार व्हायचं. चौथ्या दिवशी दुपारी छबी रडायची थांबली. निलम पीठ मळत होती. एकदम शांत झालं म्हणून ती बाहेर आली.

छबी हळदीत, त्या गोल सावलीत, पोटाशी पाय घेऊन झोपली होती. अंग पिवळं झालेलं, तोंड उघडं. सावली बरोबर तिच्या मापाची होती. एक पायसुद्धा उन्हात नव्हता.

निलमनं तिला उचलून आत आणलं. छबी जागी झाली, किंचाळली, आणि अंगणाकडं हात करून म्हणाली, "गार."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निलमनं कडी घातली तर लेकरानं दाराला डोकं आपटून घेतलं. नजर चुकली की ती तिथंच सापडायची. दर दिवशी तिच्याभोवतीची सावली बोटभर वाढलेली असायची.

४

तांड्यावरच्या शाळेत शिकवणारे वैजनाथ सर कळमनुरीहून मोटारसायकलवर यायचे. धोंड्याच्या भीतीनं पोरं शाळेत येईनाशी झाली तेव्हा त्यांनी आयांना बोलावून समजावून सांगितलं. आभाळात असे दगड सदाच फिरत असतात, बहुतेक सगळे लांबून जातात, मोठे जाणकार त्यांच्यावर डोळा ठेवून असतात. सर चांगले बोलले. बाया पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या आणि सरांच्या नव्या बुटांकडं बघत होत्या.

सगळ्या गेल्यावर निलम मागं थांबली. तिनं सातवीपर्यंत शिकताना एकदाही प्रश्न विचारला नव्हता.

"सर, तो अंगावर येतोय का बाजूनं चाललाय, हे कसं वळखायचं?"

सरांना प्रश्न आवडला. "सोपं आहे ताई. तुम्ही हायवेच्या कडेला उभ्या आहात. लांबून ट्रक येतोय. तो डावीकडून उजवीकडं सरकताना दिसला, तर तो बाजूनं जाणार. पण तो सरकतच नाही, एकाच जागी आहे आणि नुसता मोठा होत चाललाय, तर?"

निलमनं पायाच्या अंगठ्यानं मातीत एक गोल काढला.

"तर बाजूला व्हायचं," सर हसून म्हणाले. "तो थेट तुमच्यावर येतोय."

ती घरी आली. खुंटी सावलीच्या पार आत गेली होती. सावली पाळण्याएवढी झाली होती. तिच्यात छबी झोपली होती आणि झोपेत हसत होती.

५

बाजूला व्हायचं, पण कसं? माहेरी जावं तर हळद कोण बघणार. आणि सावली मागोमाग आली तर? निलमनं मनातल्या मनात सगळं उलटसुलट करून पाहिलं. मग तिनं तांड्यावरच्या सगळ्या बाया जे करत होत्या, तेच करायचं ठरवलं.

उतारा.

लेकराला नजर लागली, ताप आला, की भाकर, मीठ, मिरच्या आणि कोळसा लेकरावरून उतरवून तीन वाटा मिळतात तिथं टाकायचा आणि मागं न बघता यायचं. जो ओलांडेल, त्याच्याकडं ते जातं. धोंड्याच्या बातमीनंतर घराघरातून उतारे निघाले होते. तिवाट्यावर इतक्या भाकरी पडल्या की कुत्री खाऊन सुस्तावली. माणसं मात्र त्या वाटेनं जायची बंद झाली. शाळेत जाणारी पोरंसुद्धा शेतातून फिरून जायची.

भिकाबाई तुराट्यांच्या कुडाला टेकून बसली होती. निलमनं सहज विचारल्यासारखं केलं.

"कुणीच ओलांडलं न्हाई तर?"

"तर तितंच राहतं. नायतर घरला माघारी येतं."

"आणि कुणाच्या अंगावरचं हाय, हे त्याला कसं कळतं?"

"त्यात लेकराच्या अंगावरचं कायतरी घालावं लागतं. न्हाईतर वास कसा लागावा?" भिकाबाईनं मान वळवली. तिचे पांढरे डोळे निलमच्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. "तुला काहून पायजे?"

"असंच."

तिवाट्यावर ठेवून उपयोग नव्हता. जिथून कुणीतरी नक्की जाईल अशी जागा पाहिजे होती. निलम स्वतःला पुढं बरेच दिवस सांगत राहिली की रुपाचं अंगण फक्त जवळ होतं म्हणून. कुडाच्या पलीकडंच रुपाचं फाटक. रुपा दिवसातून सहा वेळा कळशा घेऊन तिथून ये-जा करायची. बाकी काही नाही. नळावरच्या हसण्याचा त्यात काही संबंध नव्हता.

रुपाला पण लेकरू होतं. साडेतीन वर्षांचा ओमप्रकाश. हेही निलमला तेव्हा आठवत होतं.

अंगावरचं काय घालायचं, याचा तिनं नीट विचार केला. झबल्याचा तुकडा रुपा ओळखेल. मग तिला छबीची टोपी आठवली. बारशाला मिळालेली, कवड्या आणि आरसे लावलेली. तांड्यावरच्या निम्म्या लेकरांच्या टोप्यांना तसेच आरसे. तिनं त्यातला एक आरसा दोऱ्यासकट कापून काढला. आरशासारखा आरसा, कुणाला काय कळणार.

भर बाराला, सगळी दारं लोटलेली असताना, तिनं सावलीत झोपलेल्या छबीवरून सात वेळा उतरवलं. हात सावलीत गेला की गार पडायचा, बाहेर आला की भाजायचा. मग ती पुडी घेऊन रुपाच्या फाटकात गेली, माती उकरली, पुरली, वर पाय दाबला.

येताना तिनं मागं पाहिलं नाही. ते मात्र तिनं बरोबर पाळलं.

६

सकाळी हळद पिवळी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं ठिपका नाही. निलम तिच्यातून चार वेळा चालली. तळवे सगळीकडं सारखे भाजले. तिला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

मग ती कुडाशी गेली आणि तुराट्या बोटानं बाजूला केल्या.

रुपाच्या अंगणातही हळद होती. तिच्या मधोमध सावली होती, पाळण्याहून मोठी. कोंबड्या तिच्या कडेकडेनं दाणे टिपत होत्या. एकही आत जात नव्हती. ओम त्याचा खेळण्यातला ट्रॅक्टर ओढत सरळ आत गेला, मधे बसला आणि तोंडानं यंत्राचा आवाज काढू लागला.

निलमनं तुराट्या सोडल्या. हाक मारावी असं वाटलं. पण सांगायचं काय? सावली आहे, सरक? तिनं चूल पेटवली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली, आणि छबीला कुशीत घेऊन दुपारी गाढ झोपली.

छबीनं मात्र जीव खाल्ला. अंगणात फिरायची, एकेका जागी पाय आपटून बघायची आणि विचारायची, "गार? गार?" भाजले की पाय झाडत रडायची. निलमनं ओलं फडकं अंथरलं, माठातलं पाणी शिंपडलं. छबीनं ते तुडवलं आणि मान हलवली. ते तिचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रुपा कुडाशी आली. ती नेहमीपेक्षा गोड बोलली.

"निलम, छबीला आरशाचा फ्रॉक शिवून राहिले मी. माप बघायला पाठव तिला."

"कशाला उगं तकलीफ, भाबी."

"तकलीफ कसली? लेकरू माझंच हाय. मी न्हाई का उचललं तिला तवा?" रुपा हसली. "आणि टोपी आण. एक आरसा पडला वाटतं तिचा. लावून देते."

न देऊन चाललं नसतं. निलमनं टोपी दिली. रुपानं तिथंच उभ्याउभ्या कमरेची सुई काढली, पदराच्या गाठीतून माती लागलेला आरसा काढला आणि टाके घालू लागली. आरशाच्या कडेला अजून जुना दोरा होता. लाल, उलट्या पिळाचा. निलम त्या दोऱ्याकडं बघत राहिली. ही टोपी बारशाला कुणी दिली होती, ते तिला आत्ता आठवलं. आणि तांड्यावर प्रत्येक बाईचा टाका वेगळा असतो, बाया एकमेकींचा टाका चालीवरून माणूस ओळखावा तसा ओळखतात, हे तिला कळायला चार वर्षं कमी पडली होती. दुसऱ्या कुणाला आरसे सगळे सारखेच दिसतील. रुपाला नाही.

रुपानं दातानं दोरा तोडला. टोपी दिली.

"ओम दिसत न्हाई?" निलमनं विचारलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"मामाकडं धाडला. कनेरगाव नाक्याला." रुपानं सुई कमरेला खोचली. "हितं ऊन लई झालं."

तिच्या मागं अंगणात तिच्या खोलीएवढा काळा गोल पडला होता.

निलमनं त्याच दुपारी कुडातली प्रत्येक फट बाभळीच्या काट्यांनी बुजवली. हात रक्ताळले. फाटकाला तार गुंडाळली. छबीच्या पायाला दोरी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला.

७

अमावास्या आली. तांडा सकाळपासून मैदानात जमला. कुणी स्वयंपाक केला नाही. बारा वाजले, एक वाजला. एक म्हातारी आ वासून वर बघत होती, तिच्या तोंडात माशी गेली आणि तेवढ्यावर सगळे हसले. दोन वाजता टीव्हीवर सांगितलं, लघुग्रह गेला. लांबून गेला, सांगितलं होतं तसाच.

मग नगारा निघाला. माणसं नाचली. शंकरसिंगाला बोकडांवरून सगळ्यांनी छळ छळ छळलं. भिकाबाई निलमचा हात चाचपत म्हणाली, "बघ, आला न्हाई. उगंच कमरंला दोरी बांधून हिंडून राहिली लेकराला. बकरी हाय का ती?"

सगळे हसले. निलमही हसली. तिनं छबीच्या पायाची दोरी सोडली. खाली कातडं सोललं होतं.

तिनं गर्दीत रुपाला शोधलं. रुपा आली नव्हती.

८

दुसऱ्या दिवशी हळद पोत्यात भरायची होती. निलम सकाळपासून भरत होती. छबी दारात ताटली वाजवत बसली होती. ताटलीचा आवाज येतोय तोवर बघायची गरज नाही, असं निलमनं ठरवलं होतं. भिकाबाई न्हाणीत होती.

सातव्या पोत्याला ताटली थांबली.

निलमनं वर पाहिलं. दार रिकामं होतं. कुडात एका जागी काटे उपसून बाजूला रचून ठेवले होते. नीट, एकावर एक, लेकराच्या पायाला लागू नयेत म्हणून ठेवावेत तसे.

ती त्या फटीतून शिरली आणि उभी राहिली.

रुपाच्या अंगणात ऊन नव्हतं. कडेला वीतभर पट्टा होता, बाकी सगळी सावली. हळद तिच्यात पिवळी दिसत नव्हती, राखेसारखी दिसत होती. मधोमध एक गोधडी अंथरली होती, उशाला लहान उशी. तिच्यावर छबी झोपली होती, पोटाशी पाय घेऊन.

रुपा दारात बसून फ्रॉकला शेवटचा आरसा लावत होती.

"झोपली गं," ती हळू आवाजात म्हणाली. "किती दिवस झाले म्हणं, न्हाई झोपली. आली की आडवीच झाली. जागा तिचीच ना ती."

"उचल तिला, भाबी. पाया पडते तुझ्या."

"मी? मी मागच्या वर्षी उचलली." रुपानं सुई खोचली. "औंदा तू."

निलम सावलीच्या कडेला गेली. एक पाय आत टाकला. गारवा तळव्यातून घोट्यात, घोट्यातून गुडघ्यात चढला. दहा पावलं. तिनं घरात पाळण्यापर्यंत रोज चालून बघितलं होतं, ते याहून थोडंच कमी होतं. छबीनं डोळे उघडले. आईला पाहून तिनं दोन्ही हात वर केले.

"याडी. ये. गार."

"हा घाल तिला," रुपा म्हणाली आणि फ्रॉक निलमच्या हातात दिला. "तिच्यासाठीच शिवला."

निलमनं खाली पाहिलं. तिनं वर पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ती वर पाहणारही नव्हती. पण फ्रॉक तिच्या हातात उताणा होता. चाळीसएक आरसे वर तोंड करून होते, आणि त्यात आभाळ दिसायला पाहिजे होतं.

एकाही आरशात निळं नव्हतं. सगळ्यांत एकच करडा दगड होता. इतका जवळ, की त्यावरचे खड्डे मोजता आले असते. ते खड्डे वेडेवाकडे नव्हते. सारख्या अंतरावर, ओळीनं होते. पाट्याला नवी टाकी लावून आणल्यावर असतात, तसे.

तेव्हा गुडगुड झाली. जमिनीतून आली की दरवेळी आधी भांडी वाजतात. भांडी वाजली नाहीत. पत्रे वाजले.

पुढचं निलमला आठवत नाही.

भानावर आली तेव्हा ती बाभळीखाली होती. धाप लागली होती, तळव्यांत काटे मोडले होते. भोवती दुपार होती, रोजच्यासारखी. कुठंतरी कोंबडी ओरडत होती. मागं कसलाही मोठा आवाज झाला नव्हता. तांड्यातून धूर नव्हता, आरडाओरडा नव्हता. झाला असता तर बरं झालं असतं, मग वळून बघावंच लागलं असतं.

हातात फ्रॉक होता. तो मुठीत उभा धरला गेला होता, आणि आरशांत आता मागची वाट दिसायला लागली होती. कूड, फाटक, आणि त्यापलीकडचं अंगण. अंगणात ऊन होतं. सगळीकडं लख्ख, पिवळं ऊन. मधे नुसती गोधडी होती.

निलमनं फ्रॉक उलटा केला. आरसे पोटाशी धरले.

वाटेनं कुणीतरी येत होतं, काठी टेकत, ओल्या लुगड्यानं. भिकाबाई होती. तिला झाड दिसलं नाही, पण झाडाखालचं थरथरणं दिसलं. ती जवळ आली, हात पुढं केला आणि सुनेच्या पोटाशी काय आहे ते चाचपलं. बोटं एका आरशावरून दुसऱ्यावर गेली. मग तिनं आणखी खाली चाचपलं, दोन्ही बाजूंना चाचपलं, जमिनीलगत चाचपलं.

भिकाबाईचा हात थांबला.

"आज काय वाचवलंस गं, निलम?"